दहा जूनचं पत्र

वालेंती स्किबा मेला तेव्हा त्याच्या बायकोने काही कसर ठेवली नाही. बोख्नियाच्या चर्चमध्ये त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी तीन फादरांची मिस्सा करवली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेवू घातलं आणि पुढची अडीच वर्षं काळ्याखेरीज दुसरा कपडा अंगाला लावला नाही. आणि मग पंचेचाळीसच्या जून महिन्यात, भर दुपारी, हा माणूस दारात येऊन उभा राहिला. ब्रोन्काने आधी छातीवर क्रूस काढला, मग पुढे होऊन त्याचा कान धरून ओढला. कान गरम लागला, तेव्हा ती मटकन खाली बसली.

“तीन फादर बोलावले होते मी,” तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे. “तीन! गिरणीवाल्याच्या बापालासुद्धा दोनच होते.”

“पुढच्या वेळी एकातच भागव,” वालेंती म्हणाला.

हसली, रडली, पुन्हा हसली. संध्याकाळी सूप पुढ्यात ठेवून तिने विचारलं, “मग तू मेल्याची तार आली ती कोणाची? मेलं कोण?”

वालेंतीने चमचा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं.

तो कुलुपं करणारा कारागीर. चोरून निघणाऱ्या एका वर्तमानपत्राच्या छपाईयंत्राचं मोडलेलं चाक त्याने जोडून दिलं, एवढाच त्याचा गुन्हा. त्याबद्दल जर्मनांनी त्याला डोंगरातल्या दगडखाणीच्या छावणीत धाडलं. तिथे माणूस दगड उचलून मरे, नाहीतर दगड उचलता येईना म्हणून मरे. बेचाळीसच्या नोव्हेंबरात वरून कागद आला, की स्किबाला फाशी द्या. तो कागद ज्याच्या नजरेला आधी पडला तो तेओफिल व्रोना, छावणीच्या दवाखान्यातला कारकून आणि स्वतः कैदीच. मूळचा पोझनानचा शाळामास्तर. त्याने वालेंतीला ताप आल्याचं लिहून दवाखान्यात घेतलं आणि त्याच्याच वयाचं कोणी मरतंय का, याची वाट पाहत बसला. दवाखान्यात अशी वाट फार पाहावी लागत नसे. एकोणीस तारखेला, गुरुवारी सकाळी, शेजारच्या खाटेवर इग्नात्सी द्राबिक नावाचा एक खेडूत गेला. तेओफिलने दोघांच्या सदऱ्यांवरचे आकडे उसवले आणि अदलाबदल करून शिवले. द्राबिक जळला तो स्किबा म्हणून. स्किबा खाटेवरून उठला तो द्राबिक म्हणून.

“आणि आता तुला एक आई आहे,” तेओफिल त्याला म्हणाला होता. “ओल्शाना गाव. नाव माल्गोझाता. दर महिन्याला तिला पत्र जायला हवं. पत्र चुकलं तर ती बाई कचेरीकडे विचारणा करील, कचेरी कार्ड काढील, कार्डावर उंची आहे, डोळ्यांचा रंग आहे. मग तू लटकशील आणि तुझ्या शेजारी मी.”

पत्र म्हणजे छापील कागदावर पंधरा ओळी, जर्मनमध्येच, आणि त्यातली पहिली ओळ ‘मी ठणठणीत आहे’ अशीच असायची. द्राबिकला जर्मन येत नव्हतं. त्याची आधीची पत्रंही कोणी ना कोणी लिहून देत असे, त्यामुळे अक्षर बदललं तरी अडचण नव्हती. वालेंती मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये लिहू लागला. प्रिय आई. मी ठणठणीत आहे. तुझ्या हातचं आठवतं. परड्यातलं झाड कसं आहे? झाड त्याच्या स्वतःच्या परड्यातलं होतं. पण झाड कुठल्या परड्यात नसतं, असा त्याचा हिशेब.

आणि पार्सलं यायला लागली. लाकडी खोका, वर दोरी, आत भाजून कडक केलेली काळी पोळी, चरबीत परतलेला कांदा, लसणाच्या माळा. वालेंतीने ते खाल्लं. दवाखान्यातल्या आजाऱ्यांना वाटाही दिला, पण खाल्लं, आणि त्याच्यावर जगला. मेलेल्या माणसाच्या आईने मुलासाठी पाठवलेली चरबी खाताना पहिल्या दिवशी घास घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी उतरला. ब्रोन्काला हे सांगताना तो टेबलाच्या लाकडाकडे बघत राहिला.

“आणि तू काय करणार होतास? उपाशी मरून तिला दुसऱ्यांदा पुत्रशोक द्यायचा?” ब्रोन्का म्हणाली. मग जरा वेळाने तिने विचारलं, “तिला सांगितलंस?”

“नाही.”

“कधी सांगणार?”

“जाईन.”

हे ‘जाईन’ तीन आठवडे चाललं. आज पाय सुजलेत, उद्या गाडी नाही, परवा गिरणीवाल्याचं कुलूप. छावणीत ज्याने फाशीच्या कागदाला चकवलं, त्याचं एका म्हातारीच्या नावाने धाबं दणाणलं होतं.

मग जुलैत तेओफिलचं पत्र आलं. हा मास्तर सुटल्यावरही तिथून हलला नव्हता. छावणीचा सगळा इतिहास लिहायचा त्याने घाट घातला होता. कोण आलं, कधी आलं, कशाने मेलं. रजिस्टरांच्या नकला त्याने दवाखान्याच्या फरशीखाली पुरून ठेवल्या होत्या, त्या उकरून तो मृतांची यादी तयार करत होता. त्याने लिहिलं होतं: ‘माझ्या यादीत तू मेलेला आहेस आणि द्राबिक जिवंत. मी आयुष्यभर पोरांच्या चुका लाल शाईने सुधारल्या. माझी चूक मी तशीच ठेवणार नाही. महिनाअखेर यादी छापून जाईल आणि गावोगावच्या फळ्यांवर लागेल. त्या बाईने मुलाचं नाव फळ्यावर वाचू नये. तू जा.’

ब्रोन्काने पत्र वाचलं आणि त्याचे बूट दाराशी आणून ठेवले. पिशवीत एक किलो साखर घातली. त्या दिवसांत साखर बघायलाही मिळत नसे. तिने ती कुठून आणली हे त्याने विचारलं नाही.

ओल्शानाला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. शुक्रवार. शेवटचा टप्पा दुधाच्या गाडीवरून झाला. वाटभर त्याने वाक्यं जुळवली. ‘मावशी, तुमचा मुलगा…’ पुढे जमेना. ‘मावशी, मी तो नाही…’ हे तर तिला दिसेलच. आपण दारात उभे राहिलो की ती आपल्या खांद्यावरून मागे बघणार, मुलगा मागून येतोय का म्हणून. या एका क्षणाची त्याला धास्ती होती. तो गाडीवरून उतरला आणि उरलेली वाट पायी चालू लागला, म्हणजे तेवढाच उशीर.

वाटेत तीन बायका भेटल्या. नवे रुमाल बांधलेल्या, हातात फुलं. त्यांतल्या एकीच्या, गालांवर लाली असलेल्या रोझालिया नावाच्या शेजारणीच्या, हातात कापडाने झाकलेलं ताट होतं.

“द्राबिकांचं घर कुठलं?” त्याने विचारलं.

“आमच्याच मागून या की! आम्ही तिथेच निघालोय. माल्गोझाताच्या नावाचा दिवस आज.”

वालेंतीचा पाय जागीच थांबला.

“आज?” तो म्हणाला. “तिचा तर दहा जूनला असतो.”

“कोणी सांगितलं तुम्हाला?” रोझालिया हसली. “दहा जून ती दुसरी संत माल्गोझाता, राणी होती ती. आमची तेरा जुलैवाली. मला कळायला लागल्यापासून मी या दिवशी हिच्याकडे पोळ्या खातेय. अहो, या घरात एखाद्याला स्वतःची जन्मतारीख आठवायची नाही, पण आईचा तेरा जुलै चुकायचा नाही. इग्नात्सी तर लष्करात होता तेव्हाही रजा काढून यायचा.”

बायका पुढे गेल्या. वालेंती कुंपणाला धरून उभा राहिला.

त्रेचाळीसच्या जूनमधली गोष्ट त्याला जशीच्या तशी आठवली. पोलंडात वाढदिवस विसरला तर कोणी मनावर घेत नाही. पण आईच्या नावाचा दिवस, म्हणजे तिच्या नावाच्या संताचा सण, विसरणारा मुलगा अजून जन्मायचाय. उन्हाळा आला आणि वालेंतीच्या मनाने घेतलं, की पत्रात शुभेच्छा नसतील तर म्हातारीला संशय येणार. पण माल्गोझाता नावाचे दिवस दोन. घरोघर त्यातला एक ठरलेला असतो आणि तो फक्त घरच्यांनाच ठाऊक. खाणीत त्याच्या शेजारी दगड फोडणारा एक फादर होता. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, दहा जून, माझ्या सख्ख्या बहिणीचा तोच आहे. वालेंतीने लिहिलं: ‘प्रिय आई, दहा जूनला मी मनाने तुझ्याजवळ असेन.’ पत्र गेलं आणि त्याचा जीव टांगणीला लागला. जुलैच्या सुरुवातीला उत्तर आलं, नेहमीसारखं दुसऱ्याच्या हातचं, जर्मनमध्ये. ‘तुझ्या शुभेच्छा पोचल्या. दहा जूनला सगळे आले होते. तुझी फार आठवण काढली.’ त्या दिवशी त्याचा जीव भांड्यात पडला होता. फादरला त्याने अख्खा लसूण बक्षीस दिला होता.

आणि आता त्याला कळत होतं की दहा जूनला या घरी कोणीही आलं नव्हतं.

परत फिरावं, असं त्याला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण दारातून एक ठेंगणी, रुंद हाडाची बाई बाहेर आली. निळा झगा, पांढरा रुमाल. कपाळावर हात धरून तिने रस्त्याकडे पाहिलं. तिने त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं नाही. त्याच्याकडेच पाहिलं, टोपीपासून बुटांपर्यंत.

“बारीकच राहिलास की,” ती म्हणाली. “एवढं पाठवत होते मी. आत ये.”

आत आठ-दहा माणसं होती. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून ते नव्हतं. बटाटे, ताक, जांभळ्या रानफळांच्या करंज्या, रोझालियाच्या ताटातली खसखशीची पोळी. वालेंतीने साखरेची पुडी टेबलावर ठेवली आणि बायकांनी ‘अगंबाई’ करून श्वास घेतला.

“हा वालेंती,” म्हातारीने सांगितलं. नाव तिने त्याला अंगणातच विचारून घेतलं होतं. “छावणीतला. इग्नात्सीजवळ होता.”

खिडकीजवळ बसलेला दाढीवाला म्हातारा कुरेक, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, खाली मान घालून काडीने दात कोरू लागला. बाकी सगळे वालेंतीकडे वळले.

“मग इग्नात्सी कधी येतोय?” रोझालियाने विचारलं. “तुमच्या मागच्या गाडीने?”

वालेंतीच्या हातात करंजी होती. ती त्याने ताटात परत ठेवली.

“रोझालिया,” म्हातारी म्हणाली, “लेकराला दोन घास खाऊ देशील का? दोन दिवसांच्या प्रवासाचा आलाय तो. तुझं तोंड जरा पोळीकडे वळव.”

“मी आपलं विचारलं हो.”

“विचारलंस ना? झालं. ताक घे.”

कोणी हसलं, कोणी कोणाच्या गाईचा विषय काढला, आणि वेळ निभावली. वालेंती खात राहिला. चरबीत परतलेल्या कांद्याचा वास त्या घराला होता. तो वास त्याच्या ओळखीचा होता, पंचवीस पार्सलांचा.

दिवस कलायच्या आत पाहुणे गेले. कुरेक शेवटी उठला. जाताना त्याने वालेंतीचा हात दोन्ही हातांत धरला आणि मान हलवून गेला.

“तुझी पत्रं हा वाचून दाखवायचा,” म्हातारी ताटं गोळा करत म्हणाली. “आणि माझी लिहायचा. त्या दिवशी ‘दहा जून’ वाचलं आणि हा थांबला. माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, पुढे वाच. त्याने पुढे वाचलं. मग म्हटलं, आता लिही, दहा जूनला सगळे आले होते. तो म्हणाला, माल्गोझाता, अगं पण… मी म्हटलं, लिही.”

“मावशी,” वालेंती म्हणाला. “तुम्हाला असं नाही वाटलं, की आजारी असेल, दुसरा कोणी लिहून देत असेल?”

“एक दिवस वाटलं. पण लिहून देणारा त्याला विचारूनच लिहिणार ना? तोंडात जीभ असेपर्यंत माझा इग्नात्सी दहा जून म्हणाला नसता.” तिने हातातलं ताट पुसून ठेवलं. “मग मी विचार केला, की कोणीतरी त्याच्या नावावर बसलंय. चैनीसाठी कोणी मेलेल्याच्या जागी बसत नाही. ज्याच्या गळ्याशी आलेलं असेल तोच बसेल. आणि पत्रं त्यांचा साहेब वाचतो. मी ‘चुकलास’ म्हटलं की तू संपलास.”

“तुम्ही पार्सलं पाठवत राहिलात.”

“त्या पत्रानंतरचं पहिलं मी रागानेच बांधलं. दोरी इतकी आवळली की बोट कापलं. म्हटलं, खा मेल्या, माझ्या पोराचं खा.” ती थांबली. “मग पुढच्या पत्रात तू लिहिलंस, कांदा फार छान झाला होता. इग्नात्सीने जन्मात माझ्या हातच्या कशालाही छान म्हटलं नव्हतं. राग कुठवर धरणार?”

वालेंतीने तोंडावर हात घेतला. ती त्याच्या समोर येऊन बसली.

“सोपं नव्हतं ते,” ती म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात पहिल्यांदा धार आली. “काळं घालता येईना. मिस्सा सांगता येईना. गावात त्यांचे कान होते. रस्त्यात कोणी विचारलं की मी म्हणायची, हो, लिहितो की, ठणठणीत आहे. दोन वर्षं मी माझ्या मेलेल्या मुलाला ठणठणीत म्हणत फिरले. दोनदा तेरा जुलैला इथे पोळ्या खाल्ल्या लोकांनी आणि मी वाढल्या. जर्मन गेले तरी तू अजून तिथेच होतास. मग लढाई संपली, तेव्हा म्हटलं, जगला असेल तर येईल. तुझ्याशिवाय मला तो गेल्याचा दिवस कोण सांगणार होतं? दिवस माहीत नाही तर मिस्सा कसली सांगू?”

“एकोणीस नोव्हेंबर,” वालेंती म्हणाला. “बेचाळीस साल. गुरुवार. सकाळी.”

तिने बोटांवर काही मोजलं. “कोबी घातला होता आम्ही त्या आठवड्यात पिंपात,” ती म्हणाली. “गुरुवारी. हो, गुरुवारीच. मी गात होते.” “काय म्हणाला तो? जाताना?”

इथे खोटं बोलता आलं असतं. वाटेत त्याने तशी वाक्यंही तयार केली होती: आईचं नाव घेतलं, घरची आठवण काढली. पंचवीस पत्रं खोटी लिहिलेल्या माणसाला सव्विसावं खोटं काय जड होतं? पण त्याला ते जमलं नाही.

“मावशी, मी त्याचा आवाज कधी ऐकलाच नाही. मला आणलं तेव्हा तो तापात होता. मी दोन दिवस त्याच्या शेजारी पडलो होतो. तो भिंतीकडे तोंड करून होता. मी…” तो अडखळला. “मी त्याच्या मरणाची वाट बघत होतो. मला सांगितलं होतं की तो गेला तर तू वाचशील. मी त्याचा श्वास मोजत होतो.”

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. तो उठून जायच्या तयारीत होता. तिने हाकललं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

“म्हणजे शेवटचा श्वास कोणीतरी ऐकला त्याचा,” ती म्हणाली.

“हो. मी ऐकला.”

“बरं.” तिने डोळे पुसले नाहीत, पाणी गालांवरून तसंच ओघळू दिलं. “मला वाटायचं, एकटाच गेला.”

शनिवारी सकाळी सातला मिस्सा होती. फादरला तिने आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं, आणि कुरेकने कोणी न सांगता घंटावाल्याला कळवलं होतं. ती घरातून निघाली ती काळा झगा घालून. घडीच्या रेषा तशाच होत्या. दोन वर्षांपूर्वी शिवून पेटीत ठेवलेला. रस्त्यात रोझालिया भेटली, काळ्या झग्याकडे बघितलं, वालेंतीकडे बघितलं. ती मुकाट्याने मागून चालू लागली. चर्चशी पोचेपर्यंत मागे अर्धं गाव झालं होतं.

प्रेत नसलं की करतात तसं केलं होतं. वेदीपुढे रिकामी चौकट, तिच्यावर काळं कापड, चार कोपऱ्यांना चार मेणबत्त्या. म्हातारी पहिल्या बाकावर बसली आणि वालेंतीला तिने आपल्या शेजारी बसवलं, मुलाच्या जागी बसवतात तसं. त्याला तिथे बसायचं नव्हतं. पण तिने त्याची बाही सोडली नाही.

कुरेकने ऑर्गन थांबवला. फादरने हातातला कागद वर धरला आणि मोठ्याने वाचलं:

“इग्नात्सी द्राबिक.”

वालेंती ताडकन उभा राहिला. टाचा जुळल्या, हातातली टोपी मांडीला चिकटली, मान ताठ. छावणीत टपालाच्या दिवशी हे नाव पुकारलं की रांगेतून एक पाऊल पुढे व्हायचं, उशीर झाला तर मार होता. दोन वर्षं तो असाच पुढे झाला होता. चर्चमधलं सगळं गाव बसलेलं आणि हा एकटा उभा. आपण काय केलं हे त्याच्या ध्यानात आलं, तरी पाय हलेनात.

म्हातारीने त्याची बाही हळूच खाली ओढली.

“बस, लेकरा,” ती पुटपुटली. “आज त्याला पुढे होऊ दे.”

वालेंती बसला. त्याने काळ्या कापडाकडे पाहिलं आणि त्या माणसासाठी पहिल्यांदाच रडला.